अफवेचे अर्थशास्त्र

खोटी वार्ता समाजात दुही माजवते, असे आपण सहजपणे म्हणतो. या विधानात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. वार्ता केवळ खोटी आहे म्हणून ती कोणाचा जीव घेत नाही. ती कोणाकडून आली, ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून कोणते भय वसत होते, आणि वार्ता व कृती यांच्या मध्ये कोणी उभे राहिले की नाही, यांवर तिचा परिणाम ठरत असतो. धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले, त्याचा विचार करताना ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. त्या घटनेचा निषेध सर्वांनी केला. तिची मीमांसा मात्र फारशी झाली नाही. निषेधाने मनाचे समाधान होते. पुढचा अनर्थ टाळण्यासाठी मीमांसेचीच गरज असते.

राईनपाडा हे साक्री तालुक्यातील, पिंपळनेरच्या बाजूचे आदिवासी वस्तीचे गाव. तो दिवस रविवारचा, आठवडे बाजाराचा होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे काही लोक भिक्षेसाठी तेथे एस. टी.ने उतरले. मुले पळविणारी टोळी आल्याची वार्ता त्या भागात आधीपासूनच मोबाइलवरून फिरत होती. आलेल्यांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचे निमित्त झाले. जमाव गोळा झाला आणि पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. मारहाणीची दृश्येही लागलीच मोबाइलवरून सर्वत्र पसरली. त्यानंतर अटकेच्या भीतीने गावातील पुरुषमंडळी परागंदा झाली. पाच कुटुंबे उघड्यावर पडली ती मंगळवेढ्याकडची. परंतु राईनपाड्यातील कित्येक घरांचाही संसार त्या दिवशी मोडला.

त्याच रात्री, धुळ्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात, याच स्वरूपाच्या संशयावरून पाच जणांना जमावाने घेरले. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. जमाव हजाराहून अधिक लोकांचा होता. तेथे मात्र एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, आणि जमावाचा रोष पत्करून पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. कोणाचाही बळी गेला नाही.

वार्ता एकच, दिवस एकच, भय एकच. तरीही एका ठिकाणी पाच प्रेते पडली आणि दुसऱ्या ठिकाणी पाचही माणसे वाचली. हा फरक मोबाइलमुळे पडला नाही, कारण मोबाइल दोन्हीकडे होता. मालेगावात वार्ता आणि कृती यांच्या मध्ये एक घर उभे राहिले आणि पोलीस वेळेवर पोहोचले. राईनपाड्यात तसे मध्ये उभे राहणारे कोणी पुरेसे बलवान ठरले नाही. प्रस्तुत लेखाचा सारा विषय हा मधला माणूस आहे.

साधन नवे, व्याधी जुनी

सारा दोष नव्या साधनाच्या माथी मारण्याची प्रवृत्ती सध्या बळावली आहे. जळगावकरांना तरी हे पटू नये. ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जळगाव पेटले. त्या वेळी महाराष्ट्रात दूरचित्रवाणीदेखील नव्हती. मुंबई केंद्र सुरू झाले ते १९७२ साली. तरीसुद्धा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातील वैर एका रात्रीत येथे येऊन पोहोचले. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून झालेल्या बाचाबाचीचे पर्यवसान दंगलीत झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. बिलाची रक्कम ती किती असणार! परंतु ठिणगी लहान असली तरी गंजी आधीच रचून ठेवलेली होती.

तेव्हा दुही मोबाइलने निर्माण केली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता एका दिवसात देशभर पोहोचली, तीही साध्या टेलिफोनवरून. ती वार्ता निरुपद्रवी ठरली, कारण तिच्या पोटात कोणाविषयी वैर नव्हते. मुले पळविणाऱ्यांची वार्ता घातक ठरली, कारण ती अनोळखी माणसाकडे बोट दाखवीत होती. आणि अनोळखी माणूस कोण, हे आपल्या समाजात जात, धर्म, भाषा, पेहराव यांवरून आधीच ठरलेले असते. भिक्षेकरी, भटका, परप्रांतीय, दुसऱ्या मोहल्ल्यातला, ही सारी नावे संशयाच्या यादीत पूर्वीपासून नोंदलेली आहेत. अफवा त्या यादीचे केवळ वाचन करते.

मग नव्या साधनाने बदलले काय? माझ्या मते, त्याने अफवेचा हिशेब बदलला. येथे अर्थशास्त्र उपयोगी पडते.

खर्च एकाचा, नुकसान दुसऱ्याचे

कोणतीही वस्तू बाजारात किती प्रमाणात येईल हे तिच्या उत्पादनाच्या आणि वाहतुकीच्या खर्चावर अवलंबून असते. पूर्वी वार्ता पसरविण्यास खर्च येत असे. पत्रक छापावयाचे तर कागद, शाई, छापखाना हवा. शिवाय १८६७ च्या कायद्यानुसार मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण त्यावर घालणे बंधनकारक होते. तोंडी सांगावयाचे तर चालत जावे लागे आणि ऐकणारा समोरासमोर विचारी, ‘तुला कोणी सांगितले?’ आज एक संदेश शंभर जणांना पाठविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. ज्या वस्तूचा खर्च शून्य, तिचे उत्पादन अमर्याद होणार, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, पाठविणाऱ्याचा खर्च शून्य असला तरी समाजाचा खर्च शून्य नसतो. कारखाना आपले सांडपाणी नदीत सोडतो. कारखानदाराची बचत होते आणि खालच्या गावांना रोगराई भोगावी लागते. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. अफवा हे त्याचे चोख उदाहरण होय. अमुक एक संदेश पुढे पाठविणाऱ्यास ‘मी सर्वांना सावध केले’ असे फुकटचे समाधान लाभते. किंमत मात्र तिसराच कोणी मोजतो.

याची दोन साधी उदाहरणे पाहू. दहा रुपयांचे नाणे बंद झाले, अमुक छाप खोटा आहे, अशी वार्ता काही वर्षांपूर्वी राज्याच्या अनेक भागांत पसरली. दुकानदार नाणे घेईनात, कंडक्टर आणि प्रवासी हमरीतुमरीवर येऊ लागले. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की, दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध चलन आहेत. खोटे नाणे खऱ्यास व्यवहारातून हुसकावते, असा ग्रेशॅमचा सिद्धान्त आम्ही वर्गात शिकवतो. येथे नाणे सगळेच खरे होते. खोट्या वार्तेने त्याला हुसकावून लावले.

दुसरे उदाहरण कुक्कुटपालनाचे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला. देशातील ती पहिली नोंद. रोग खरा होता. शासनाने तो जाहीर केला आणि कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट केल्या. नुकसान भयंकर झाले, परंतु ते कशामुळे झाले, कोठवर झाले आणि दाद कोणाकडे मागावयाची, हे ठाऊक होते. याउलट २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो, अशी निराधार वार्ता मोबाइलवरून पसरली आणि राज्यभर कोंबडीचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली कोसळले. या नुकसानीचा दावा शेतकऱ्याने कोणावर करावा? रोगाला निदान नाव होते. अफवेला ना नाव, ना पत्ता, ना मुद्रक.

असत्याला बाजारात एक उपजत लाभही असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि ती पसरविण्यात यंत्रांपेक्षा माणसांचाच वाटा मोठा होता. खरी वार्ता बहुधा नीरस असते. ‘आज गावात काही घडले नाही’ हा संदेश कोण कोणाला पाठवील?

एका टेबलावरची वर्तमानपत्रे

व्हॉट्सॲपच्या ग्रुपने आणखी एक बदल घडविला. जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात परस्परविरोधी मतांची वर्तमानपत्रे एकाच टेबलावर असतात. आपल्या आवडीचे पत्र दुसऱ्याच्या हाती असेल तर वाचक नाइलाजाने नावडते पत्र उचलतो. त्याला निदान एवढे कळते की, दुसरी बाजू म्हणून काही आहे आणि ती मांडणारा माणूस राक्षस नाही. ग्रुपमध्ये ही सोय नाही. भावकीचा ग्रुप निराळा, जातीचा निराळा, पक्षाचा निराळा, पेठेचा निराळा. प्रत्येक ग्रुपात सर्वांचे एकमत असते आणि म्हणूनच प्रत्येक ग्रुपास वाटते की, सारे जग आपल्याच मताचे आहे. जे तसे नाहीत ते शत्रू.

शिवाय ग्रुपातील वार्ता परक्याकडून येत नाही. ती मामांकडून, वर्गमित्राकडून, सेवानिवृत्त गुरुजींकडून येते. मूळ लेखक अज्ञात असतो, परंतु पत आपल्या माणसाची लागलेली असते. बँकेच्या भाषेत बोलावयाचे तर, कर्ज अनोळखी इसमाचे आणि जामीन आपल्या मामांचा. जामीनदारालाही ठाऊक नसते की, आपण जामीन राहिलो आहोत.

उपाय झाले ते किती पुरले?

राईनपाड्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण घालण्यास प्रारंभ केला आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यावर मर्यादा घातली. अफवांवर विश्वास ठेवू नका, हे सांगण्यासाठी या कंपनीला वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती द्याव्या लागल्या, हेही नमूद करण्यासारखे आहे. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा निर्बंध आला. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. थोडा श्रम वाढविला की पुरवठा घटतो, हा अर्थशास्त्राचा नियम येथेही खरा ठरला.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळींविषयी निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी, खटल्यांचा जलद निकाल, पीडितांना भरपाई. पुढे १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, भारतीय न्याय संहिता अमलात आली. वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी तीत स्वतंत्र तरतूद आहे. परंतु कायदा येतो तो घटनेनंतर. मृत्यूनंतरची शिक्षा आणि मृत्यूपूर्वीचा अडसर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

काहींचे म्हणणे असे की, सत्य काय नि असत्य काय हे शासनानेच ठरवावे व असत्य काढून टाकावे. हा मार्ग सोपा दिसतो, परंतु धोक्याचा आहे. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर शासनाच्याच कक्षाने खोटा ठरवावा, ही २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविली, हे योग्यच झाले. ज्याच्याविषयी तक्रार करावयाची त्याच्याच हाती खोडरबर असू नये.

दुसरा उपाय सुचविला जातो तो असा की, भटक्या लोकांनी गावात शिरण्यापूर्वी ठाण्यात नोंद करावी. सद्हेतूने सुचविलेला हा उपाय आपल्याला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वाटेने नेतो. त्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना केवळ जन्मावरून ठाण्यात हजेरी लावायला भाग पाडले होते. तो देशभरातून रद्द झाला १९५२ साली. ज्यांचा बळी गेला त्यांनीच निरपराधित्वाचा दाखला खिशात बाळगावा, हा न्याय नव्हे. भार टाकावयाचा तो भिक्षेकऱ्यावर नको, वार्ता पुढे पाठविणाऱ्यावर हवा.

मधल्या माणसाचे काम

वर्तमानपत्रात वार्ता आणि वाचक यांच्या मध्ये संपादक असतो. तो चुकतो, पक्षपात करतो, कधी कधी मालकापुढे मान तुकवतो. परंतु अंकावर त्याचे नाव छापलेले असते आणि त्याला कोर्टात खेचता येते. नव्या साधनाने हा मधला माणूस काढून टाकला, आणि पुष्कळांना ते लोकशाहीचे पाऊल वाटले. प्रत्यक्षात काम संपले नाही; ते वाचकाच्या गळ्यात येऊन पडले. प्रत्येक वाचक आता संपादक झाला आहे, फक्त त्याला कोणी तसे सांगितलेले नाही.

हे काम खानदेशाला अपरिचित नसावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत प्रसिद्ध केली. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. जुना कागद हाती आला की संशोधक तीन प्रश्न विचारतो: हा कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कोणासाठी? हेच तीन प्रश्न मोबाइलवरच्या संदेशाला विचारले, तर दहापैकी नऊ संदेश तेथेच गळून पडतील. जळगावच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक कस पाहिल्याशिवाय सोने घेत नाही. मग कोणाच्या प्राणावर बेतणारी वार्ता कस न लावता का घ्यावी?

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली. म्हणून ती पुढच्या पिढ्यांना मिळाली. दुसऱ्याचा शब्द पुढे पोहोचविणे हे केवढे जबाबदारीचे काम आहे, हे अमळनेरच्या या शिक्षकाने दाखवून दिले. तोही एका अर्थी संदेश पुढे पाठविणाराच होता. परंतु वक्ता कोण, हे त्याला ठाऊक होते आणि मजकुराशी त्याचे इमान होते.

आता प्रश्न उरतो तो हे काम प्रत्यक्षात करावयाचे कोणी? गावातील प्रत्येक ग्रुपात एक शिक्षक, एक तलाठी वा कारकून, एक महाविद्यालयीन विद्यार्थी बहुधा असतोच. त्याच्या शब्दाला तेथे मान असतो. विखारी संदेश आला की तो वाचतो, मनातल्या मनात ‘हे खोटे आहे’ म्हणतो आणि गप्प बसतो. नातेसंबंध बिघडू नयेत, वाद नको, आपली नोकरी बरी, ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु ग्रुपात मौनाचा अर्थ संमती असाच होतो. ‘गुरुजींनी वाचले आणि काही म्हटले नाही, त्या अर्थी खरे असले पाहिजे’, असा निष्कर्ष इतर काढतात. सुशिक्षिताचे मौन हा अफवेचा सर्वांत मोठा जामीन होय.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. मुले पळविण्यासारखी वार्ता उठली की, पोलीस ठाण्याने त्याच दिवशी, त्याच ग्रुपांतून, अहिराणीत, भिलीत, पावरीत, लोकांच्या बोलीत खुलासा केला पाहिजे. चार दिवसांनी काढलेले प्रमाण मराठीतील प्रसिद्धिपत्रक वाड्यापाड्यांवर पोहोचत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत भरतात. रस्ता झाडण्याबरोबरच संदेशाची पारख कशी करावी, हे विद्यार्थ्यांनी तेथे एका संध्याकाळी दाखविले तर शिबिराचे सार्थक होईल. ग्रामसभेत एकदा ठरावे की, अनोळखी माणसाविषयी संशय आला तर त्याला बसवून पाणी द्यावयाचे आणि ठाण्याला फोन करावयाचा. हात उचलावयाचा नाही. आणि आपणा वाचकांपुरता नियम असा: ज्या वार्तेखाली स्वतःचे नाव घालून ती चावडीवर वाचून दाखविण्याची तयारी नसेल, ती पुढे पाठवावयाची नाही.

समाजातील दुही एका रात्रीत मिटणार नाही. तिची मुळे जातीत, दारिद्र्यात आणि परस्परांविषयीच्या अज्ञानात आहेत. परंतु दुहीचे रूपांतर हत्येत होण्यापूर्वी एक क्षण असा येतो की, ज्या वेळी एखादा माणूस दार उघडून घाबरलेल्यांना आत घेऊ शकतो, किंवा ग्रुपात दोन ओळी लिहून ‘हे खोटे आहे, मी चौकशी केली आहे’ असे सांगू शकतो. मालेगावात त्या रात्री ते दार उघडले गेले. पुढची अफवा उठेल तेव्हा, आणि ती उठणार हे निश्चित, आपल्या गावात ते दार कोण उघडील, हे आजच ठरवून ठेवणे शहाणपणाचे होईल.